मा. आर्थर वेलस्ली, कायगाव टोकामार्गे

पुतणीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर मी लिहून नेला तेव्हा तो वहीच्या एका पानात मावला होता. वधू, वर, दोघांचे आईवडील, मुहूर्त, मंगल कार्यालय आणि खाली ‘अगत्याचे आमंत्रण’. संगणकावर बसलेल्या पोरानं तो वाचला, पान उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं आणि विचारलं, “सर, बाकीचं?”

“बाकीचं काय? एवढंच आहे.”

“असं कसं सर? निमंत्रक, संयोजक, स्नेहांकित, प्रमुख उपस्थिती, चिमुकल्यांची किलबिल. पदं टाकायची नाहीत का कोणाची?”

मी जन्मभर मास्तर. म्हटलं, लग्नाला पदं कशाला? पोरगं माझ्याकडं दयेनं पाहत म्हणालं, “सर, एक फोन लावा घरी.”

फोन लावला. अर्ध्या तासात मजकूर साडेतीन पानं झाला. थोरले दाजी ‘माजी व्हाइस चेअरमन, विविध कार्यकारी सेवा सोसायटी’. मधले काका ‘तंटामुक्ती समितीचे माजी अध्यक्ष’. यांचा बांधावरून भावाशी वाद चालू आहे, पण तो भाग पत्रिकेत येत नाही. एक चुलते एकदा निवडणुकीला उभे राहून पडले होते, ते ‘भावी’. गेली पंधरा वर्षं ते भावीच आहेत. मामी सरपंच आहेत, म्हणून मामांनी स्वतःसाठी ‘सरपंचपती’ लिहायला सांगितलं. शेवटी पोरानं मला विचारलं, “आणि तुमचं काय टाकू सर?”

“माझं नुसतं श्री. टाक,” मी म्हटलं. हे म्हणताना मान जरा ताठ झाली होती, हे कबूल करतो.

नुसत्या नावावर भागवायची आम्हाला सवय आहे, कारण आमच्या गावालाच काही पदवी नाही. बाहेरगावी गंगापूर म्हटलं की समोरचा हात जोडून विचारतो, “दत्ताचं का?” सांगावं लागतं, ते गाणगापूर, कर्नाटकातलं. मग विचारतो, “मग धरणाचं?” तेही नाही, ते नाशिकचं. आमचं गंगापूर संभाजीनगर जिल्ह्यातलं. लासूरचा कांदाबाजार आणि वाळूजची एमआयडीसी लोकांना ठाऊक असते. दोन्ही आमच्याच तालुक्यात, पण गंगापुरात एकही नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून इतिहासाचं पुस्तक काढलं आणि आमच्या तालुक्याच्या उंबऱ्यावरून गेलेला एक पाहुणा सापडला. पुढे त्याच्या नावाला इतकं काही चिकटलं, की ते सगळं टाइप करायचं म्हटलं असतं तर त्या पोरानं दुकानाला कुलूप घालून मुंबई गाठली असती.

साल १८०३. इंग्रज आणि शिंदे-भोसले यांची लढाई जुंपलेली. १२ ऑगस्टला नगरचा किल्ला घेऊन एक चौतीस वर्षांचा सेनापती उत्तरेकडं निघाला. पुण्याहून संभाजीनगरला येताना आज आपण जिथं पूल ओलांडतो आणि नदीत नाणं टाकावं का यावर गाडीत चर्चा होते, तिथंच त्याला गोदावरी आडवी आली. अलीकडं टोका, पलीकडं कायगाव. ऑगस्टचा चौथा आठवडा, गंगा दुथडी भरलेली (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) आणि पूल नव्हता. त्यानं वेताच्या मोठ्या टोपल्या विणवल्या, त्यांना बाहेरून बैलाचं कातडं लावलं आणि माणसं पार केली. २९ ऑगस्टला तो औरंगाबादेत होता. गंगापूरला वळला असेल असं वाटत नाही. आमच्याकडं कोणी मुद्दाम वळत नाही.

त्याचं नाव आर्थर वेलस्ली. हुद्दा मेजर जनरल आणि नावाआधी फक्त एक शब्द, ‘ऑनरेबल’. मराठीत सांगायचं तर ‘मा.’. चौकातल्या बॅनरवर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्या सतरा पोरांच्या नावापुढं असतो तोच. अर्लच्या धाकट्या मुलाला यापलीकडं काही मिळत नाही. वडिलांची पदवी थोरल्याला जाते, जमीनही बहुतेक थोरल्याला, आणि बाकीच्यांना हे ‘मा.’.

इंग्रजांच्या या उतरंडीला पाच पायऱ्या. सगळ्यात खाली बॅरन, मग व्हायकाउंट, मग अर्ल, मग मार्क्वेस आणि सगळ्यात वर ड्यूक. हे अवघड वाटत असेल तर सोसायटीचा संचालक, सरपंच, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि आमदार असं धरून चाला, फार चुकणार नाही. एका बाबतीत मात्र आपण पुढं आहोत. ड्यूकची बायको आपोआप डचेस होते. पण एखादी बाई स्वतःच्या हक्कानं डचेस असेल, तर तिच्या नवऱ्याला काहीही मिळत नाही. सरपंचपती हे पद हजार वर्षांत त्यांना सुचलं नाही. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटलं.

घराण्याचं मूळ आडनाव वेलस्लीही नव्हे. आजोबा रिचर्ड कॉली. त्यांना वेस्ली आडनावाच्या एका निपुत्रिक नातलगाची आयर्लंडमधली इस्टेट मिळाली आणि १७२८ साली त्यांनी आडनावच बदललं. थोडक्यात, दत्तक गेल्यासारखं. त्याच १७२८ साली आमच्या शेजारी, वैजापूरकडं पालखेडला, बाजीरावानं निजामाचं पाणी तोडलं होतं. दोन्हीकडं कामं चालू होती. हे कॉलीचे झालेले वेस्ली १७४६ साली बॅरन झाले. त्यांचा मुलगा गॅरेट १७६० साली अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाला. तो उत्तम संगीतकार, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचा प्राध्यापक. उमराव आणि वर प्राध्यापक म्हटल्यावर घरात काय राहणार? मागं गाणं राहिलं आणि कर्ज राहिलं. पुढं १७९८ साली भावांनी आडनाव पुन्हा लांबवून ‘वेलस्ली’ केलं. आमच्याकडं गॅझेटमध्ये आडनाव बदलणारे एखादं अक्षर इकडचं तिकडं करतात; यांनी तीन पिढ्यांत तीन आडनावं वापरली.

तर हा धाकटा आर्थर. अभ्यासात सामान्य, व्हायोलिन बरं वाजवायचा. किटी पॅकनहॅम नावाच्या मुलीला त्यानं मागणी घातली. मुलीकडच्यांनी जगातल्या सगळ्या मुलीकडच्यांचाच प्रश्न विचारला : मुलगा काय करतो? मुलगा सैन्यात, कर्ज काढून हुद्दे विकत घेतलेला, नावावर शेत नाही, पदवी नाही. १७९३ साली नकार आला. त्यानं व्हायोलिनं जाळून टाकली, पुन्हा कधी हातात धरलं नाही आणि पुढं हिंदुस्थानात आला. इथली लढाई करून ‘सर’ होऊन परत गेला, तेव्हा १८०६ साली त्याच घरानं तीच मुलगी दिली. मधल्या काळात बदललं होतं ते पत्रिकेवरचं नाव. संसार काही सुखाचा झाला नाही, पण त्याला पत्रिका छापणारा जबाबदार नसतो.

थोरल्या भावाचंही सांगतो, कारण असा एक माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो. रिचर्ड वेलस्ली, आपला गव्हर्नर जनरल. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं, टिपू पडला. रिचर्डला वाटलं, आता लंडनहून काहीतरी घसघशीत येणार. आलं ते मार्क्वेसपद, पण आयर्लंडच्या यादीतलं. इंग्लंडचं वेगळं, आयर्लंडचं वेगळं, आयर्लंडचं हलकं. प्रदेश कार्यकारिणीवर नाव लागेल म्हणून नवीन जाकीट शिवावं आणि तालुका सरचिटणीस म्हणून पत्र यावं, तसं झालं. बिचारा आजारी पडला. पत्रं लिहून लिहून सांगत राहिला, की मला दुहेरी सोन्याचा मुलामा दिलेला बटाटा मिळाला आहे. बटाटा म्हणजे आयर्लंड. कलकत्त्यात अर्ध्या हिंदुस्थानचा मालक झालेला माणूस बटाटा धरून रडत बसला होता. ‘भावी’ चुलत्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला.

आता असई. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला आमचा ‘मा.’. दुसऱ्या बाजूला नागपूरकर रघूजी भोसले, पदवी ‘सेनासाहेब सुभा’, आणि दौलतराव शिंदे, ‘आलिजाह बहादूर’. ग्वाल्हेरच्या घराण्याची बिरुदावली पुढं पूर्ण फुलली तेव्हा ती मुख्तार-उल-मुल्क, अझीम-उल-इक्तिदार, रफी-उश-शान, वालाशिकोह अशी सुरू व्हायची आणि ‘महाराजा’ या शब्दापर्यंत यायला भालदाराला दोनदा श्वास घ्यावा लागायचा. पदव्यांच्या वजनावर निकाल लागला असता, तर इंग्रज कायगावलाच मागं फिरायला हवा होता.

पण ऐन लढाईत दोन्ही महाराज रणावर थांबले नाहीत. पायदळ लढवलं पोलमन नावाच्या एका हनोव्हरच्या माणसानं, जो पूर्वी सार्जंट होता. म्हणजे सेनासाहेब आणि आलिजाह बाजूला, आणि खरं काम एका सार्जंटाकडं. आमच्या सोसायटीतही हिशेब गटसचिवच लिहितो.

वेलस्लीला नदी पार करायची होती आणि वाटाड्यांनी सांगितलं, इथं उतार नाही. त्यानं पाहिलं, की पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर अगदी समोरासमोर आहेत. त्यानं ताडलं, की समोरासमोरच्या गावांत जाण्यायेण्याची सोय नसेल असं होणार नाही. उतार होता. सगळी लढाई या एका गोष्टीवर फिरली. मला ते वाचताना फार बरं वाटलं. कारण महिनाभर आधीच तो कायगाव आणि टोका या समोरासमोरच्या गावांमधून नदी ओलांडून आला होता. अक्कल तिथंच आली असं मी म्हणत नाही. पण कायगावकरांनी म्हणायला हरकत नाही. त्या दिवशी त्याच्या अंगाखालचे दोन घोडे गेले, एक गोळीनं, एक भाल्यानं, आणि त्याच्या बाजूची पंधराशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढं वॉटर्लू जिंकून जगप्रसिद्ध झाल्यावर त्याला कोणी विचारलं, की लढाईतलं तुमचं सगळ्यात चांगलं काम कोणतं, तेव्हा तो एवढंच म्हणाला : असई.

यानंतर पदव्यांचा पाऊस सुरू झाला. १८०९ साली स्पेनमध्ये तालावेराची लढाई त्यानं जिंकली आणि सरकारनं ठरवलं, याला व्हायकाउंट करू. पण कुठला व्हायकाउंट? पदवीला गाव लागतं. आर्थर स्पेनमध्ये चिखलात, विचारायला वेळ नाही. मग त्याचा भाऊ विल्यम लंडनमध्ये पदव्यांच्या कचेरीत गेला. त्यांची ती मोठी जुनी कचेरी आहे, पण काम आमच्या पोराच्या दुकानात चालतं तेच. “लवकर सांगा, मशीन थांबलंय.” विल्यमनं नकाशा पाहिला. वेलस्लीच्या जवळपास जाणारं, कानाला बरं लागणारं एक गाव सॉमरसेट परगण्यात सापडलं : वेलिंग्टन. टाकून दिलं. न्यूझीलंडची राजधानी, निलगिरीतली छावणी, मुंबईत रीगलसमोरचं १८६५ सालचं कारंजं, सगळ्यांची नावं या एका घाईच्या दुपारी ठरली. तो स्वतः असता तर कदाचित काहीच सुचलं नसतं. घरातल्या कार्याची पदं नेहमी दुसरंच कोणीतरी फोनवर सांगत असतं. ज्याचं पद, तो बैलामागं असतो.

पुढच्या पाच वर्षांत तो अर्ल झाला, मार्क्वेस झाला, ड्यूक झाला, आणि या काळात उमरावांच्या सभागृहात त्यानं एकदाही पाय ठेवला नाही, कारण तो परदेशात लढत होता. अखेर २८ जून १८१४ रोजी तो पहिल्यांदा सभागृहात आला. त्या दिवशी बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस, ड्यूक अशा साऱ्या सनदा एकामागून एक वाचून दाखवाव्या लागल्या. माणूस मध्ये उभा, कारकून वाचतोय. सरपंचापासून आमदारापर्यंतचे सगळे शपथविधी एका बैठकीत. बाहेरच्या देशांनीही हात सैल सोडला. पोर्तुगालनं काउंट, मार्क्वेस आणि ड्यूक केलं, स्पेननं ड्यूक ऑफ सिउदाद रोद्रिगो, आणि १८१५ साली नेदरलँड्सनं थेट ‘प्रिन्स ऑफ वॉटर्लू’. त्या शेवटच्या पदवीबरोबर हजारभर हेक्टर जमीन मिळाली. ती आज बेल्जियममध्ये आहे आणि तिच्यावर या घराण्याचा हक्क अजून चालू आहे. इंग्लंडमधल्या इस्टेटीचा खंड म्हणून ड्यूक दरवर्षी १८ जूनच्या आत राजाला एक छोटं निशाण नेऊन देतो. एवढाच खंड. आमचे मधले काका हे ऐकून बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “आणि बांधाचं काय?”

१४ सप्टेंबर १८५२ रोजी ड्यूक वारला. १८ नोव्हेंबरला लंडनच्या सेंट पॉल्समध्ये अंत्यविधी. शवपेटी खाली उतरवल्यावर पदव्यांच्या कचेरीचा मुख्य अधिकारी पुढं आला आणि त्यानं मयताच्या सगळ्या पदव्या मोठ्यानं वाचल्या. मग घराच्या कारभाऱ्याची काठी मोडून ती थडग्यात ठेवली.

हे वाचताना मला कायगावचा घाट आठवला. प्रवरा जिथं गोदावरीला मिळते तिथं आमच्याकडचे दहावे होतात. मागं एका आप्तांच्या दहाव्याला मी गेलो होतो. गुरुजींनी मुलाला विचारलं, “मृताचं नाव?” मुलानं नाव सांगितलं. मागून चुलतभाऊ म्हणाला, “माजी संचालक, साखर कारखाना. दोन टर्म.” गुरुजींनी दर्भाची जुडी सारखी केली आणि म्हणाले, “पिंडाला पद लागत नाही हो. गोत्र सांगा.” आता आली पंचाईत. कारखाना, सोसायटी, बाजार समिती, सगळ्या टर्म सगळ्यांना तोंडपाठ. गोत्र कोणालाच येईना. दोन-तीन फोन झाले. शेवटी गुरुजींनीच काश्यप धरलं आणि विधी उरकला.

पदव्या मिळूनही त्या अंगाला लावून न घेणारा माणूस आपल्याकडंही होऊन गेला. महादजी शिंदे. दिल्लीच्या बादशहाला त्यांनी गादीवर सांभाळलं आणि १७९२ साली ते पुण्यात पेशव्यांसाठी ‘वकील-इ-मुतलक’ हा मोठा किताब आणि त्याची वस्त्रं घेऊन आले. दरबारात मात्र सगळ्यात खालच्या जागी बसले, बगलेतलं गाठोडं सोडलं, त्यातून नवे जोडे काढून तरुण सवाई माधवरावांपुढं ठेवले आणि जुने उचलून घेतले. म्हणाले, आमच्या वडिलांचं काम हेच. लोक त्यांना पाटीलबाबा म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. अर्थात हे नाटक होतं असं म्हणणारेही आहेत. असेल. पण नाटकात जोडा उचलायची तयारी किती जणांची असते?

योगायोग पाहा, ड्यूकसाहेबही शेवटी जोड्यापाशीच आले. त्या काळचे लांब बूट गोंडेवाले असत. ते गैरसोयीचे म्हणून वेलिंग्टननं आपल्या चांभाराला साधे, कातड्याचे, पायाला घट्ट बसणारे बूट करायला सांगितलं. लोकांना ते आवडले. त्यांना वेलिंग्टन बूट म्हणू लागले, पुढं ते रबराचे झाले. आपण त्यांना गमबूट म्हणतो. आमच्याकडं शेतीला लाइट रात्रीची असते. मोसंबीला, उसाला पाणी भरायला माणूस रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन निघतो तेव्हा सापाच्या भीतीनं पायात गमबूट घालतो. ड्यूक ऑफ वेलिंग्टन, मार्क्वेस डूरो, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन, ड्यूक ऑफ सिउदाद रोद्रिगो, प्रिन्स ऑफ वॉटर्लू, या साऱ्यातला आमच्या तालुक्यात रोज वापरात असलेला भाग एवढाच, आणि बाजारात तो जोडीनं मिळतो.

चार दिवसांनी पत्रिका छापून आल्या. झकास. चार पानी, गणपती उठावाचा, बासष्ट नावं. दाजींच्या व्हाइस चेअरमनचं स्पेलिंग बरोबर, मामांचं सरपंचपती ठळक टाइपात, चुलते भावी. मुलगी आणि मुलगा मध्ये कुठंतरी होते. बायकोनं चष्मा लावून सगळी पत्रिका वाचली आणि म्हणाली, “तुमच्या नावापुढं नुसतं श्री. कसं काय हो? सगळ्यांना आहे काही ना काही. लोक म्हणतील, हे काही करत नव्हते का?”

मी तिला वेलस्ली सांगितला, असई सांगितली, पाटीलबाबा सांगितले, घाटावरचे गुरुजी सांगितले. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बरं.”

रात्रभर ते ‘बरं’ कानात वाजत राहिलं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता, दुकानाचं शटर वर जायच्या आधीच मी पायरीवर उभा होतो. पोरगं मला पाहून हसलं. आता पुन्हा छापायच्या तर खर्च दुप्पट, म्हणाला, त्यापेक्षा सोनेरी स्टिकर करून देतो. पाचशे पत्रिका, पाचशे स्टिकर.

ते मी आणि बायकोनं दोन रात्री बसून चिकटवले. शेवटचे चाळीस-पन्नास वाया गेले. तेव्हा आपल्याकडं आलेल्या पत्रिकेत माझ्या नावापुढं नुसतं ‘श्री.’ दिसत असेल, तर कृपया पुढं पेनानं लिहून घ्यावं : निवृत्त मुख्याध्यापक.